राळेचा वास

आमच्या बैठकीच्या फडताळांत दोन कानांचें एक मातीचें भांडें आहे. अल्जीरियाहून परतलेल्या एका स्नेह्यानें तें आम्हांस दिलें. पांढऱ्या अंगावर काळ्या-तांबड्या त्रिकोणांची दाटी आणि वर मधासारखी पिवळसर चकाकी. नवें भांडें कढत पाण्यानें धुवावयाचें, हा आमच्या घरचा रिवाज. त्याप्रमाणें धुतलें मात्र, तों ती चकाकी बोटांना चिकटूं लागली आणि स्वयंपाकघरभर राळेचा वास सुटला!

या फजितीनेंच आम्हांस चौकशीस लाविलें. अल्जीअर्स शहराच्या पूर्वेस जुर्जुराचे डोंगर आहेत. तेथील कबाइल लोकांत घरची मडकीं बायका करीत, आणि तींही चाकावांचून. आमच्याकडे कुंभाराच्या चाकावर बाई सहसा बसत नाहीं. त्यामुळें आम्हांस याचें नवल अधिक वाटलें. मातींत जुन्या खापऱ्यांचा चुरा मळावयाचा, वळ्या करून एकीवर एक चढवावयाच्या, पांढऱ्या मातीचा लेप देऊन गारगोटीनें घोटावयाचें, नक्षी काढावयाची आणि उघड्यावरच जाळ करून भाजावयाचें. भांडें गरम आहे तोंच त्यावर राळ फिरवावयाची. ती पाझर थोपविते आणि रंगही खुलविते. म्हणजे आम्ही धुऊन काढिला तो मळ नव्हता, कारागिरीचा शेवटचा हात होता.

त्या त्रिकोणांचा गूढार्थ सांगणारे पंडित पुष्कळ आहेत. घरच्या भिंतींवर आणि विणलेल्या कापडावरही त्या बायका अशाच आकृति काढीत. घड्यास घरांत परकें ठेवावयाचें नव्हतें, इतकाच अर्थ आम्हांस पुरतो.

त्याच हातांनीं घडविलेल्या 'इकुफान' नांवाच्या कोठ्यांची हकीकत मात्र मनांतून जात नाहीं. माती, भुसा आणि शेण यांच्या या थोरल्या कोठ्या भाजीत नसत. घरांतच जागच्या जागीं उभारीत. जव, गहूं, सुकलेलीं अंजिरें त्यांत भरावयाचीं आणि पुढच्या अंगाच्या भोंकांतून काढावयाचीं. एकदां उभारलेली कोठी तेथून हलवावयाची नसे. १९५४ ते १९६२ च्या स्वातंत्र्ययुद्धांत फ्रेंच सैन्यानें डोंगरांतील गांवेंच्या गांवें ओस पाडून माणसें छावण्यांत नेलीं. घडा डोक्यावर घेतां येतो. कोठी कोण उचलणार?

पुढें घरोघरीं अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिक आलें. मातकास वगैरे गांवीं हें काम अद्याप चालतें, परंतु पुष्कळसें विक्रीसाठीं.

आमच्या भांड्याच्या एका कुशीची चकाकी गेली ती गेलीच. पाणी आम्ही त्यांत भरीत नाहीं. धूळ पुसतांना आंत हात घातला, कीं वळ्यांचे चढउतार बोटांना लागतात. तेथें गारगोटी फिरलेली नाहीं.