राजाचे उंदीर

जुनी मराठी पाकपुस्तकं जमवणाऱ्याला एक खोड लागते. पुस्तकात काय शिजतंय यापेक्षा ते कधी छापलं, हेच तो आधी शोधतो. रद्दीवाल्याकडे शीर्षकपान फाटलेलं पुस्तक हाती लागलं की मी किंमत बघतो. आण्यांत असेल, तर बहुतेक १९५७च्या आधीचं. मग मापं शेर-तोळ्यांत की ग्रॅममध्ये, स्वयंपाक चुलीवर की स्टोव्हवर, हे बघायचं. डालड्याचं नाव आलं तर १९३७च्या अलीकडे यायचं. या हुडकण्यात मजा फार, आणि त्या मजेपायी मी स्वतःला संशोधकही समजू लागलो होतो.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५चं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१०चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०ची. या तीन खुंट्यांवर मी महाराष्ट्राची शंभर वर्षं टांगून ठेवली होती. आपलं जेवण कसं बदलत गेलं ते माझ्या कपाटात बघा, असं सांगत फिरायचो. धुरंधरबाई पाठारे प्रभू. त्यांच्या पुस्तकात मांसमासळी आहे. त्यामुळे माझा संग्रह सोवळा नाही, अशी समजूत करून घेणंही सोपं होतं.

२०१५ साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्यावरचं. मी ते घेतलं, चाळलं आणि आत्मचरित्रांच्या फळीवर ठेवून दिलं. यात पाककृतींपेक्षा आठवणी आणि गावगाडाच जास्त, असं कारण स्वतःला दिलं. खरं कारण किळस. रक्ती, वजडी, मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्या... वाचताना माझं तोंड वाकडं झालं होतं. त्या वाकड्या तोंडाला मी ‘वर्गीकरण’ म्हणत होतो.

पाहुण्यांना सांगायचा माझा एक ठरलेला किस्सा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, बाराव्या शतकातला त्याचा संस्कृत ग्रंथ ‘मानसोल्लास’, आणि त्यातली नदीकाठच्या शेतातले उंदीर शिजवण्याची कृती. लोक ‘ई’ करतात, हसतात. मग मी म्हणतो, बघा, आपली खाद्यपरंपरा किती समृद्ध! एका संध्याकाळी तेच चाललं होतं. उंदीर झाले, पुढे आतड्यांवर आलो. आतड्यांत सारण भरून निखाऱ्यावर भाजायचा एक प्रकार त्याच ग्रंथात आहे. तो सांगता सांगता माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं. वजडी तरी कशाची असते? आतड्याचीच.

पाहुणे गेल्यावरही ते डोक्यातून जाईना. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याच्या पलीकडे. मराठवाड्याला लागूनच. मुलूख जवळजवळ तोच, अवयव तोच. मधे नऊशे वर्षं आणि जात. नऊशे वर्षांचं अंतर मी हसत ओलांडत होतो. जातीपाशी मात्र मळमळत होतं. किळस निव्वळ जिभेची असती, तर राजाच्या ग्रंथातल्या आतड्यांचीही आली असती. ती मला घरातून मिळाली होती, आणि एवढी पुस्तकं वाचून मी ती तपासली नव्हती.

मग पाटोळ्यांचं पुस्तक पुन्हा काढलं. तेल, तूप, दूध जिथे हाताशी नाही तिथला हा स्वयंपाक. चान्यांपाशी थांबलो. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, उन्हात कडक वाळवायच्या, साठवायच्या, लागतील तशा शिजवायच्या. म्हणजे वाळवणच की! उन्हाळी साठवणीवर मी एक वही भरून टिपणं काढली आहेत. तीत कुरडया आहेत, सांडगे आहेत, पापडाच्या पिठातल्या खाराचं प्रमाण आहे. मांसाचं वाळवण नाही, आणि ते का नाही, हा प्रश्नही नाही. शेराचे किती तोळे याचा हिशेब मी चोख करत होतो. शेरभर तूप कुणाच्या घरात होतं, हे विचारत नव्हतो. १८७५ साली स्वयंपाकाचं पुस्तक विकत घेणारं आणि वाचू शकणारं घर गावात किती सापडलं असतं?

जुन्या पुस्तकांवरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. संग्रहाच्या सूचीचा मथळा तेवढा बदलला. ‘महाराष्ट्राची जुनी पाकपुस्तकं’ असा होता, आता ‘लिहित्या आणि खात्यापित्या घरांची पाकपुस्तकं’ असा आहे. वजडी मी अजून खाल्लेली नाही. किळस पुरती गेली असं म्हटलं तर ते खोटं होईल.

एक विनंती आहे. तुमच्या घरचं खाणं कुठल्याच छापील पुस्तकात नसेल आणि ते रांधणारं माणूस अजून घरात असेल, तर या उन्हाळ्यात त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या. नावं त्यांच्या तोंडी असतील तीच ठेवा. माप मुठीचं असेल तर मूठच लिहा.