फक्की

भाचीने पुण्याहून आणलेला टेनिस चेंडूंचा डबा उघडला. फिस्स करून हवा सुटली आणि पाठोपाठ तो वास आला. नव्या रबराचा, जरा रॉकेलकडे झुकणारा. बेलापुरात टेनिसच्या चेंडूचं अप्रूप नाही. इथे तो क्रिकेटचाच चेंडू. दुकानात मागितला की दुकानदार विचारतो, ‘‘लाइट का हेवी?’’ ज्या श्रीरामपुरातून जहीर खान निघाला, त्या तालुक्यात दुसरं काय होणार! पण हवाबंद डब्याचा वास वेगळा. तो मी पोरवयात घेतला होता, एका साखर कारखान्याच्या वसाहतीत.

वडील वजनकाट्यावर होते. वसाहतीत साहेबांसाठी मातीचं कोर्ट होतं आणि संध्याकाळी आम्ही पोरं चेंडू वेचायला जायचो. खेळणारे साहेब आता एकही आठवत नाहीत. आठवतात ते कोर्ट राखणारे मामा. सकाळी पाणी मारायचं, माती जरा वळली की रोलर ओढायचा, मग दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणायची आणि बुडाला भोकं पाडलेल्या डालड्याच्या डब्यातून फक्की सोडत उलट्या पावली सरकायचं. टेनिसची जाळी मधोमध 3 फूट असते, खांबांपाशी साडेतीन. साहेब लोक रॅकेट उभी धरून तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं टेकवत आणि उंची ताडत. मामांकडे रॅकेट नव्हती. बाभळीची काठी होती, तिला कोयत्याने पाडलेली खाच. ‘‘रॅकेट कमीजास्त भरंल, काठी नाय भरायची,’’ म्हणायचे.

ही काठी माझ्या डोक्यातून जात नाही. टेनिसबद्दल काहीही वाचलं की ती मध्ये येते.

1992 साली विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत दोन भारतीय पोरं अंतिम फेरीत पोचली. महेश भूपती आणि आपला नितीन कीर्तने. ऑस्ट्रेलियाच्या बाल्डास आणि ड्रेपर यांनी त्यांना 6-1, 4-6, 9-7 असं हरवलं. तिसरा सेट 9-7 म्हणजे किती जवळ! माझा एक जुना सल आहे, तो इथेच सांगून टाकतो. पुढे ‘पेस-भूपती’ हे एकच नाव असावं असं जग बोलायला लागलं. पण त्याआधी दोघांच्याही शेजारी एकेक मराठी गडी उभा राहून गेला होता. भूपतीच्या शेजारी कीर्तने, आणि 1994 च्या हिरोशिमा आशियाई खेळांत लिअँडर पेसच्या शेजारी गौरव नाटेकर. पेस-नाटेकर जोडीने तिथे दुहेरीचं सुवर्ण आणलं. हे मी चहाच्या टपरीवर सांगतो, तेव्हा लोक ‘हो का?’ म्हणतात आणि कांद्याच्या भावाकडे वळतात.

नाटेकरांच्या घरात आणखी एक गंमत आहे. गौरवचे वडील, सांगलीचे नंदू नाटेकर, आधी टेनिसच खेळायचे. ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. 1956 साली क्वालालंपूरला जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले आणि 1961 चा पहिलावहिला अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. बापाने सोडलेला खेळ मुलाने धरला. याचा माझ्या काठीशी काय संबंध, ते मला अजून लागलेलं नाही. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भूपतीकडे येतो. 1997 ला रिका हिराकीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकून तो ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय झाला. पुढे एकूण बारा विजेतेपदं, त्यांतली आठ मिश्र दुहेरीची. आणि मग तो आयोजक झाला. खेळाडू आयोजक झाला की आपल्याकडे लोक हळहळतात, जणू नट म्हातारा होऊन तिकीटखिडकीत बसला. मला ती हळहळ कधीच पटली नाही. 2014 च्या डिसेंबरात त्याची इंटरनॅशनल प्रीमियर टेनिस लीग दिल्लीच्या इनडोअर स्टेडियममध्ये आली, फेडरर आला, जोकोविच आला. सगळ्यांनी फेडररच पाहिला. मी नियम वाचत बसलो होतो.

एका लढतीत पाच सेट: पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, मिश्र दुहेरी आणि जुन्या विजेत्यांची एकेरी. पाचांतले गेम एकत्र मोजायचे, बेरीज ज्याची जास्त तो संघ विजयी. म्हणजे फेडररने एकेरीत घेतलेला गेम आणि मिश्र दुहेरीत घेतलेला गेम, दोन्हींचा भाव एकच! एरवी दुहेरी चालू असताना अर्धं स्टेडियम चहाला जातं. आयुष्यभर दुहेरी खेळलेल्या माणसाने हातात सुतळी येताच ती अशी ताणली. सर्व्हिसला 20 सेकंदांचं घड्याळही त्याने लावलं. अमेरिकन ओपनच्या मुख्य स्पर्धेत तसं घड्याळ 2018 ला आलं, तेही 25 सेकंदांचं. त्याची लीग मात्र 2016 नंतर झाली नाही.

का झाली नाही याचा हिशेब मोठे लोक मांडतील. मला त्या धंद्यातलं एवढंच कळतं, की स्पर्धा कोर्टावर मरत नाही. मंडप, जनरेटर, पाहुण्यांची गाडी, शब्द दिलेला पण ऐन वेळी फोन न उचलणारा प्रायोजक, असल्या ठिकाणी मरते. मीही गावात टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा भरवतो, म्हणून म्हणतो. आमच्याकडे तर पत्त्यापासूनच घोळ. बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन आहे श्रीरामपूर शहरात, गाव राहिलं तिकडे प्रवरेकाठी. आणि मुंबईवाल्यांना बेलापूर म्हटलं की नवी मुंबईशिवाय दुसरं माहीतच नाही. मागल्या खेपेला करंडक तिकडेच गेले. फायनल संपली, सरपंच स्टेजवर, माइकवाला सारखा ‘थोड्याच वेळात’ म्हणतोय, आणि करंडक ठाण्याच्या खाडीपाशी कुठेतरी. शेवटी शाळेच्या कपाटातली जुनी ढाल काढली, फोटोपुरती. जिंकलेल्या संघाचा कप्तान अजून भेटला की ‘‘काका, आमचा कप पोचला का?’’ विचारतो. कप त्याच्या घरातल्या टीव्हीवर आहे, तरी विचारतो.

यंदा ऑर्डर देताना मी पोराला फोनवर नीट समजावलं. म्हटलं, बेलापूर बुद्रुक, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर, आधीचं अहमदनगर. प्रवरेच्या काठाचं, खाडीचं नव्हे.

तो म्हणाला, ‘‘ते राहू द्या काका, पिनकोड सांगा.’’