आरामाची मुदत

खुब्याच्या सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर पडणारा आराम खरा असतो, हे मी आधीच मान्य करते. जांघेतली ती खोल, नेमकं बोट ठेवून दाखवता न येणारी कळ ओसरते, रात्री कूस बदलता येते, मोजा घालायला पाय वर घेताना श्वास रोखून धरावा लागत नाही. पण काही आठवड्यांनी, फार तर काही महिन्यांनी हा आराम सरतो आणि आपण डॉक्टरांना विचारतो, ‘अजून एक देता येईल का?’ झिजलेला खुबा आणि अशा इंजेक्शनांचा अनुभव गाठीशी असल्यामुळे या प्रश्नाबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. इंजेक्शन म्हणजे मुदतवाढ. पुढचं घ्यायचं की नाही हे खुबा बदलण्याचा निर्णय झाल्यावर ठरवावं. आपल्याकडे नेमका उलटा क्रम चालतो. इंजेक्शनं चालतील तितकी चालवायची आणि चालेनाशी झाली की शस्त्रक्रियेचं नाव काढायचं, यालाच शहाणपण समजतात.

खुबा गुडघ्यासारखा वरवर नसतो, म्हणून सोनोग्राफी किंवा एक्स-रेच्या पडद्यावर पाहत लांब सुई सांध्यापर्यंत न्यावी लागते. औषधात बहुधा स्टिरॉइड आणि जागा बधिर करणारं लिडोकेन एकत्र असतं. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, लिडोकेनचा मात्र काही मिनिटांत. त्या पहिल्या एक-दोन तासांत जांघेतलं दुखणं नाहीसं झालं तर कळ खुब्यातूनच येते हे कळतं; तसंच राहिलं तर कंबरेच्या मणक्याकडे संशय वळतो. खुब्याचं दुखणं मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं, त्यामुळे अनेकांचे आधी गुडघ्याचे आणि कंबरेचेच फोटो निघतात. इंजेक्शनचा सर्वांत टिकाऊ फायदा मला हाच वाटतो, आणि आपण तो विचारतही नाही. आरामाचं म्हणाल तर २०२२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडमधल्या १९९ रुग्णांवरची चाचणी छापून आली. नुसता सल्ला आणि व्यायामाची माहिती मिळालेल्यांपेक्षा इंजेक्शन घेतलेल्यांचं दुखणं सहा महिन्यांच्या काळात दहाच्या मोजपट्टीवर सरासरी सुमारे दीड अंकाने कमी होतं. सुरुवातीला जास्त असलेला हा फरक सहाव्या महिन्यापर्यंत विरत गेला. नुसतं लिडोकेन टोचलेल्यांशी तुलना केली तेव्हा दुखण्यातला फरक ठामपणे सांगण्याइतका उरला नाही. म्हणजे आराम आहे, पण त्याला मुदत आहे.

आता तोट्याकडे. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०१९ साली आपल्या रुग्णालयात खुब्यात किंवा गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या ४५९ रुग्णांचा आढावा छापला. त्यांतल्या ३६ जणांच्या सांध्यात नंतर बिघाड दिसला: झीज भराभर वाढणं, कूर्चेखालच्या हाडाला तडा जाणं, हाड मृत होणं. खुब्यात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं, गुडघ्याच्या दुपटीहून जास्त. यावर आक्षेप येतो की ज्यांचा सांधा आधीच वाईट होता तेच इंजेक्शन घ्यायला गेले असणार. बिघाडाचा दोष सुईवर का? आक्षेप रास्त आहे. इंजेक्शन न घेतलेल्यांचा गट तुलनेला नव्हता, म्हणून ‘इंजेक्शनने खुबा खराब होतो’ असं सरसकट विधान मी करणार नाही. संसर्गाची गोष्ट मात्र अधिक पक्की आहे. इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत खुबा बदलला तर नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे मोठ्या नोंदींमधून पुन्हा पुन्हा दिसलं आहे आणि शल्यविशारद आता साधारण तेवढं अंतर ठेवतात. कृत्रिम सांध्यावर जंतूंचा थर एकदा बसला की नुसत्या प्रतिजैविकांनी तो हटत नाही. बसवलेला सांधा काढून, काही आठवडे किंवा महिने औषधं देऊन, पुन्हा दुसरा बसवण्याची पाळी येऊ शकते. तेव्हा दुखणं असह्य झालं म्हणून आज घेतलेलं इंजेक्शन शस्त्रक्रिया तीन महिने पुढे ढकलतं. तारखेचा विचार न करता ते घेणाऱ्याला आपण काय दिलं याचा पत्ताच नसतो.

इथे एका वेगळ्या आजाराची गल्लत टाळायला हवी, कारण ती महाराष्ट्रात फार होते. सांध्यात टोचलेलं स्टिरॉइड वेगळं आणि पोटातून किंवा शिरेतून मोठ्या मात्रेत घेतलेलं वेगळं. दुसऱ्या प्रकाराने खुब्याच्या बॉलचा रक्तपुरवठा खुंटून हाड मरू शकतं. आपण त्याला एव्हीएन म्हणतो. कोविडच्या उपचारानंतर अशा रुग्णांकडे सर्वांचं लक्ष गेलं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ साली तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. स्टिरॉइडची मात्रा पूर्वी धोक्याची मानत त्यापेक्षा कमी होती आणि दुखणंही अपेक्षेपेक्षा लवकर सुरू झालं होतं. या आजारात सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो, दोष एमआरआयमध्ये कळतो. बॉल खचण्याआधीचा टप्पा असेल तर औषधांनी किंवा हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करून तो वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. तो टप्पा नुसती कळ दाबण्यात घालवणं मला सर्वांत अक्षम्य वाटतं. ज्यांनी दम्यासाठी, संधिवातासाठी, त्वचारोगासाठी किंवा कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलं आहे आणि आता जांघ दुखते, त्यांनी सुईआधी एमआरआयचा आग्रह धरावा.

व्यायामाने भागत असेल तर चिरफाड कशाला, असं मला आपुलकीने सांगणारे पुष्कळ आहेत. व्यायामाचं मोल मी कमी लेखत नाही. काठीचं तर मुळीच नाही. एका पायावर उभं राहिलं की शरीर तोलून धरण्यासाठी कुल्ल्याचे स्नायू आवळतात आणि खुब्यावर वजनाच्या दोन-तीन पट दाब येतो. दुखत्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी धरली की त्या स्नायूंचं काम हलकं होतं. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यावी. अमेरिकन अस्थितज्ज्ञ वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ सालीच काठी टाकून देऊ नका म्हणून लेख लिहिला होता. आपण ती लाजेपोटी दारामागे ठेवतो. तरीही व्यायाम कुठवर पुरतो याचं उत्तर आता चाचणीतून मिळालं आहे. डेन्मार्कमध्ये पन्नाशीपुढच्या १०९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं. एका गटाचा खुबा बदलला, दुसऱ्याला देखरेखीखाली वजनांचा व्यायाम दिला. २०२४ साली निकाल छापले गेले. सहा महिन्यांनी ४८ गुणांच्या मोजपट्टीवर पहिला गट जवळपास १६ गुणांनी सुधारला होता, दुसरा साडेचार. गंभीर त्रासांचं प्रमाण दोन्हीकडे फारसं वेगळं नव्हतं. मात्र हे सगळे शस्त्रक्रियेला योग्य ठरलेले, म्हणजे पुरेसा झिजलेला खुबा असलेले रुग्ण होते. सुरुवातीच्या झिजेला हा निकाल लावू नये.

यापेक्षा वजनदार आक्षेप टिकाऊपणाचा आहे. शल्यविशारद जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे कृत्रिम खुब्यासाठी आधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या काही वर्षांतच झिजल्या. १९६२ साली ते पॉलिथिलीनकडे वळले आणि आजची शस्त्रक्रिया तिथून उभी राहिली. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार बसवलेल्या खुब्यांपैकी ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. हे आकडे पाव शतकापूर्वी बसवलेल्या सांध्यांचे आहेत. त्यानंतरचं प्लॅस्टिक बरंच कमी झिजतं. पण वय विसरून चालणार नाही. सत्तरीनंतर खुबा बदललेल्याला आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा धोका पाच टक्क्यांच्या आसपास, तर पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत तो ३५ टक्क्यांपर्यंत जातो. तेव्हा ऐन चाळिशीतला माणूस थांबायचं म्हणत असेल तर त्याच्याकडे कारण आहे. पासष्टीच्या माणसाने तेच कारण पुढे करणं मला पटत नाही.

राहिला प्रश्न जमिनीवर बसण्याचा. मांडी घालून पूजेला बसणं, उकिडवं बसून भाजी निवडणं, गावाकडचं शौचालय हे सगळं जाईल ही भीती खरी आहे आणि परदेशी चाचण्यांत तिला जागा नाही. पण तुलना कशाशी करायची? झिजलेल्या खुब्यातून पाय आत वळवणं सर्वांत आधी जातं, पाठोपाठ वाकणं. मला जी मांडी गमावण्याची धास्ती दाखवली जाते ती खुब्याने आधीच नेली आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे खोल वाकणं आणि पायावर पाय टाकणं टाळावं लागतं. पुढे किती मोकळीक मिळेल हे छेद कुठून घेतला, बॉल केवढा बसवला आणि वाटी कशी बसली यावर ठरतं. हे आधी विचारून घेता येतं.

थांबण्यात काही जात नाही हा समज मात्र मोडायला हवा. शस्त्रक्रियेआधी ज्यांची हालचाल फार खालावली होती ते सुधारतात, पण बऱ्या अवस्थेत गेलेल्यांची बरोबरी करत नाहीत, असं बॉस्टन आणि माँट्रियलमधल्या रुग्णांवरच्या १९९९ सालच्या अभ्यासात दिसलं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि खुबा-गुडघ्याच्या शल्यविशारदांच्या संघटनांनी २०२३ साली मिळून सांगितलं की झीज तीव्र असून साध्या उपायांनी भागत नसेल तर आणखी इंजेक्शनांसाठी किंवा फिजिओथेरपीसाठी शस्त्रक्रिया लांबवू नये. मात्र मधुमेह आटोक्यात नसेल तर तो आणेपर्यंत थांबावं. ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस भूल पेलणार नाही, घरच्या आजारी माणसाला सोडून ज्यांना आत्ता रुग्णालयात जाता येत नाही, पैशाची सोय व्हायची आहे, त्यांच्यासाठी इंजेक्शन हा चांगला मार्ग आहे आणि तो घेताना संकोच करू नये.

माझ्यापुढे यातली कोणतीच अडचण नाही. म्हणून मी पुढचं इंजेक्शन घेणार नाही. शेवटच्या इंजेक्शनपासूनचे तीन महिने भरेपर्यंत काठी, कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम, दातांची तपासणी आणि तीन महिन्यांची सरासरी साखर एवढं उरकायचं आहे. शल्यविशारदांना विचारायचं तेही कागदावर उतरवलं आहे: वर्षाला असे किती खुबे बदलता, छेद पुढून घेता की मागून, बॉल सिरॅमिकचा की धातूचा, आणि जमिनीवर बसायला केव्हा परवानगी द्याल.