पहांटेचा खोकला

रोग्याची नाडी पाहावयाची ती ताप चढलेला असतांना, उतरल्यावर नव्हे, हें कळण्यास वैद्यच असावें लागतें असें नाहीं. परंतु मोटारीच्या बाबतींत हा साधा नियम कोणी पाळीत नाहीं. पहांटे सहा वाजतां ती कुरकुरते, खोकते, चारांपैकीं तीनच सिलिंडरांवर लंगडत चालते. तिला कशीबशी दुरुस्तीच्या कारखान्यांत नेऊन उभी करावी, तों अकरा वाजलेले असतात, ऊन चढलेलें असतें आणि ती एखाद्या शहाण्या मुलीसारखी गोड आवाजांत चालूं लागते. तपासणारा आपल्याकडे अशा दृष्टीनें पाहतो कीं, दुरुस्तीची गरज मोटारीला आहे कीं मालकाला, हाच प्रश्न त्याला पडलेला असावा.

माझी मोटार प्रीमियर पद्मिनी आहे. इटलीच्या फियाट 1100 चें कुर्ल्याच्या कारखान्यांत वाढलेलें हें अपत्य. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत या जातीनें आपली हयात घालविली. त्यांतली शेवटचीहि ऑक्टोबर 2023 मध्यें रस्त्यावरून निघून गेली. 1089 घन सेंटिमीटरचें तिचें एंजिन आजच्या मानानें अगदीं भाबडें. आजच्या मोटारी आपल्या दुखण्याची नोंद स्वतःच ठेवतात. हिला कोठें दुखतें तें आपणच ओळखावें लागतें. ती माझ्या वडिलांनीं घेतली. त्यांच्यामागें ती माझ्याकडे आली, आणि ती माझ्यानंतर आपल्याकडे येऊं नये अशी माझ्या मुलाची स्वच्छ इच्छा आहे.

थंडींत अशी मोटार कां अडते, याचें कारण मोठें मौजेचें आहे. पेट्रोल जळतें तें वाफ होऊन. गारठलेल्या एंजिनांत त्याचा बराच भाग नळीच्या भिंतींना थेंबाथेंबानें चिकटून राहतो. म्हणून चोक ओढून हवा कमी करावी लागते. तेल घट्ट झालेलें असतें, बॅटरी मंदावलेली असते, आणि त्या घट्ट तेलाशीं झगडतांना स्टार्टर बॅटरींतला बहुतेक करंट स्वतःच पिऊन टाकतो. ज्या घटकेस ठिणगी सर्वांत सशक्त हवी, त्याच घटकेस ती सर्वांत दुबळी असते! त्यांत रात्रीं दंव पडलेलें असलें, म्हणजे त्या बिचारीला सरळ वाटेनें जाणेंहि कठीण होतें.

गेल्या हिंवाळ्यांत माझी मोटार अशी खोकूं लागली, तेव्हां एका चकचकीत कारखान्यानें तिचे प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल एकाच दिवशीं बदलले. खोकला राहिला असता तरी तो कशानें राहिला हें यावरून कळलें नसतें. आणि तो राहिलाहि नाहीं. मग एंजिन खोलण्याच्या खर्चाचा अंदाज कागदावर आला. तो आंकडा पाहून मुलानें त्याच संध्याकाळीं गिऱ्हाईक शोधावयास आरंभ केला. तर्कशास्त्र शिकविण्यांत माझीं अठ्ठावीस वर्षें गेलीं आहेत. एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी, हा त्यांतला पहिला धडा. त्या धड्याला बिलावर मात्र जागा नसते.

शेवटीं मीं वडिलांच्या वेळच्या मेस्त्रींना निरोप धाडला. मुलगा म्हणाला, "बाबा, त्यांना आतां ऐकूं येत नाहीं. एंजिनाचा आवाज त्यांना कसा कळणार?" तो म्हणाला तें खरें होतें. स्क्रूड्रायव्हरचें टोंक एंजिनाला आणि मूठ कानाला लावून ज्यांनीं टॅपेटांची कुजबूज ओळखली, त्यांना आतां पाठीमागचा हॉर्नहि ऐकूं येत नाहीं. नाना पेठेंतलें त्यांचें दुकानहि बंद झालें आहे. त्यांचा उलट निरोप आला: "पहांटे साडेपांचला येतों. तोंवर सरांनीं किल्लीला हात लावूं नये."

ते आले, बॉनेट उघडलें आणि म्हणाले, "सर, कान तुमचे, हात माझे." मोटार खोकत सुरू झाली. कोरडें फडकें गुंडाळलेल्या पकडीनें ते प्लगची एकेक वायर काढीत आणि माझ्या तोंडाकडे पाहत. पहिली काढली, आवाज पडला. दुसरी, पडला. चौथी, पडला. तिसरी काढली, तेव्हां कांहींच फरक झाला नाहीं. मीं मान हलविली. म्हणजे तिसरा सिलिंडर मुळांतच काम करीत नव्हता. एवढें होईपर्यंत एंजिन तापलें, लंगडणें थांबलें, आणि मेस्त्री चहा घेऊन घरीं गेले. "बाकीचें उद्यां."

दुसऱ्या पहांटे त्यांनीं पहिल्याचा प्लग तिसऱ्यास आणि तिसऱ्याचा पहिल्यास लावला. लंगडणें तिसऱ्यांतच राहिलें. प्लग निर्दोष ठरला. तिसऱ्या पहांटे वायरींची अदलाबदल केली, वायरहि सुटली. पिस्टन किंवा व्हॉल्व्ह यांचें दुखणें असतें तर तें पांच मिनिटांत असें उन्हांतल्या दंवाप्रमाणें गेलें नसतें. मेस्त्रींनीं मला अंगणांतला दिवा मालवावयास सांगितलें. एव्हांना मुलगाहि शाल पांघरून बाहेर आला होता. आम्ही तिघेहि त्या काळोखांत बॉनेटखालीं वांकलों. "तें पाहा!" असें जो ओरडला तो मुलगाच. डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपवर, तिसऱ्या वायरीच्या मुळाशीं, निळा धागा चमकत होता.

कॅपला केसाएवढी चीर गेली होती. तींत दंवाचा ओलावा शिरला कीं ठिणगी प्लगापर्यंत न जातां चिरेवाटे खालच्या धातूच्या क्लिपेंत उतरे. कॅप तापून सुकली कीं ती पुन्हा मुकाट्यानें आपल्या कामाला लागे. कारखान्यांत अकरा वाजतां, भर उजेडांत, हें कोणाला दिसणार? नवी कॅप नाना पेठेंत मिळाली. तिची किंमत मीं सांगत नाहीं. तो कागदावरचा अंदाज लिहिणाऱ्यास उगाच लाज वाटावयाची.

गिऱ्हाइकाला मुलानें अद्याप नाहीं म्हटलेलें नाहीं, परंतु त्याचा दूरध्वनि तो घेत नाहीं. मेस्त्रींनीं मात्र जातां जातां एक नवी काळजी लावून दिली. आतांच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. त्याची वाफ होण्यास उष्णता अधिक लागते, आणि जुन्या रबराच्या नळ्या त्यानें मऊ पडतात. माझ्या मोटारीची एक नळी त्यांनीं दाबून पाहिली आणि मान हलविली. रविवारीं पहांटे ते पुन्हा यावयाचे आहेत. मुलानें आपण होऊन गजर लावला आहे.