सतरंजीवरची श्रद्धा

नगरकडे ख्रिस्ती घरात कुणी गेलं, की संध्याकाळी ओसरीवर सतरंज्या पडतात. पाळक येतात, महिला मंडळातल्या बाया येतात. ‘उपासना संगीता’च्या कडा झिजलेल्या प्रती हातोहात फिरतात, पेटी नसली तरी कुणीतरी सूर धरतं. भजन पुष्कळदा ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं असतं. ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे ख्रिस्ती माणसाचं दुःखही ओवी-अभंगाच्या वळणानेच मोकळं होतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. परक्या चालीत रडता येत नाही.

माझी मावशी अशा घरी जायची ती थेट चुलीकडे. पिठाचा डबा शोधायची, भाकरी थापायची, पोरांना खाऊ घालायची. मग त्या घरच्या बाईला टेकून बसायची. ‘देवाची इच्छा’ हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. तिची श्रद्धा उणी नव्हती. पण जिच्या लेकराला नुकतीच माती दिली, त्या आईला देवाचा हिशोब समजावणं तिला पाप वाटायचं.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी शब्द काढला नाही. तेवढंच त्यांचं खरं सांत्वन. पुढे ते दुःखाची कारणं सांगू लागले आणि त्या पीडलेल्या माणसाला आणखी एकटं पाडून बसले. येशूचं पाहा. मेलेल्या लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही तो आधी त्याच्यासाठी रडला. ज्याच्याजवळ उत्तर होतं, त्यानेही आसवांना पुढे जाऊ दिलं.

असं दुसऱ्याजवळ बसायचं बळ कुठून येतं? मला रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. नवरा जिवंत असून ताटातूट. काही वर्षांनी दोघं पुन्हा एकत्र आले, 1900 साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात त्यानंतर त्यांच्या घराचं दार कधी बंद दिसत नाही. दुष्काळाने पोरकी केलेली मुलं त्या घरात आली. पुढे लहरी, उदास ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, तिथे घरच्यासारखे राहिले. जिने पोरकेपण भोगलं, तिला दारातलं पोरकेपण ओळखायला वेळ लागला नाही. देव आपल्याला धीर देतो तो दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी, असं पौलाने करिंथच्या मंडळीला कळवलं होतं. लक्ष्मीबाईंनी ते संसारात करून दाखवलं.

2020 मध्ये नगरला मुक्तिफौज या ख्रिस्ती संस्थेच्या बूथ हॉस्पिटलात कोरोनाचे रुग्ण येऊ लागले, तेव्हा शहरात सतरंज्या पडणं थांबलं होतं. रक्ताच्या नातेवाइकांनाही खाटेजवळ जाता येत नव्हतं. त्या दिवसांत पाण्याचा पेला ओठांशी धरणारा परका हात हीच प्रार्थना होती, असं मी मनापासून मानते.

म्हणून कुणाच्या दुःखाची बातमी आली आणि काय बोलावं ते सुचत नसलं, तरी जावंच. शब्द नाहीत म्हणून घरी थांबू नये. तिथे शब्दांची गरज फार थोडी असते, आणि आपली फार असते.