अर्धे दार

ॲमस्टरडॅमला धाकट्या भावाकडे गेलो होतो. एका सकाळी त्याने विचारले, "दादा, आज कालव्यातून होडीने फिरायचे, की चित्रे पाहायची?" बाहेर पाऊस होता. मी म्हटले, "चित्रे!" अशा रीतीने, कलाप्रेमापेक्षा पावसाच्या भीतीने, मी रेम्ब्रांटच्या घरी पोचलो.

हे घर त्याने १६३९ साली १३,००० गिल्डरना घेतले, तेही कर्ज करून. १९११ पासून तेथे संग्रहालय आहे. एका खोलीत एचिंगचे प्रात्यक्षिक चालले होते. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा पातळ लेप द्यायचा, त्यावर सुईने चित्र काढायचे आणि पत्रा आम्लात बुडवायचा. सुईने जेथे लेप खरवडला, तेथेच आम्ल तांबे खाते. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसायची आणि ओलसर कागदावर दाबून छाप घ्यायचा. गंमत अशी, की यात उजेड काढायची सोयच नाही! जेथे रेषा नाही, तेथला कोरा कागद हाच उजेड. तो काढायचा नसतो, राखायचा असतो.

वरच्या मजल्यावर मला १६४८ सालचे एक चित्र भेटले. पोस्टकार्डाहून जरासे मोठे. उजवीकडे घराचे दार, डच रिवाजाप्रमाणे मधोमध आडवे कापलेले. वरची फळी उघडी, खालची मिटलेली. तिच्यावरून वाकून एक दाढीवाला म्हातारा नाणे देतो आहे. पुढ्यात पाठीला मूल बांधलेली बाई हात पसरून उभी आहे. सोबत दांडा फिरवून वाजवायचे वाद्य घेतलेला एक वृद्ध. आपल्याकडे पाठ केलेला एक मुलगा, मोठ्या टोपीत पुरता बुडालेला. डावीकडचा कागद जवळजवळ कोरा. सगळ्या आकृत्या दाराशी दाटल्या आहेत आणि आपली नजर फिरून फिरून येते ती त्या दोन हातांवर.

देणारा उजळ आणि घेणारे काळे, असे मी नकळत शोधत होतो. तसे नव्हते. ज्या सुईने म्हाताऱ्याची दाढी रेखली, तिनेच बाईची लक्तरे रेखली, तितक्याच मायेने. दाराच्या आतला आणि बाहेरचा यांच्यात रेम्ब्रांटने पंक्तिभेद केला नाही.

तेव्हा तो स्वतः दाराच्या आतला होता. पुढे आठच वर्षांनी, १६५६ मध्ये, त्याचे दिवाळे निघाले. घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली, लिलाव झाला, घरही गेले. आज त्याच यादीवरून या खोल्या पुन्हा सजवल्या आहेत.

मला एकदम आमचा जिना आठवला. गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी घंटा वाजली होती. कडेवर मूल घेतलेली बाई. मी लोखंडी जाळीचे दार न उघडताच म्हटले, "पुढे जा." ती जिना उतरल्यावर सौभाग्यवती आतून म्हणाली, "अहो, ती पाणी मागत होती."

वीस वर्षे मी वर्गात करुणरस शिकवतो आहे!

"दादा, पाऊस थांबला, चल," भाऊ म्हणाला. मी त्या खालच्या मिटलेल्या फळीकडे पाहत होतो. म्हाताऱ्यानेही दार पुरते उघडले नव्हतेच. पण अर्धे तरी उघडले होते.