बंदूक नसलेला पोलीस

ऑनसाइटला डब्लिनमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. बसमध्ये पाकीट विसरलो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आमच्या घरी त्यात पोलीस चौकीही येते. त्यामुळे आत जाताना पोटात गोळा! पण काउंटरवरचा पोलीस आधी 'बसा' म्हणाला, मग तक्रार लिहून घेतली. कमरेला पिस्तूल नव्हतं.

रूमवर येऊन वाचत बसलो. यांच्या राष्ट्रीय पोलीस दलाचं नाव 'गार्डा शीओखाना', म्हणजे शांततेचे रक्षक. त्याआधी होती रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी. इंग्रजी राज्याची, बंदूकधारी, बराकीत राहणारी. १९२२ मध्ये ती बरखास्त झाली. नव्या दलात रचना बरीचशी जुनीच, काही अधिकारीही जुनेच. पण दल निःशस्त्र ठेवलं, तेही यादवी युद्ध चालू असताना! आजही गणवेशातला साधा गार्डा बंदूक बाळगत नाही, त्यासाठी वेगळी पथकं आहेत. आमच्या भाषेत, कोड तोच, डिफॉल्ट बदलला.

आणि गंमत बघा.. नेपियरने १८४३ मध्ये सिंधमध्ये पोलीस उभारले ते याच आयरिश नमुन्यावर. आपला १८६१चा पोलीस कायदाही त्याच वळणाचा. म्हणजे पूर्वज एकच!

पाकीट काही मिळालं नाही. असो. पुढे पुण्यात मोबाईल चोरीला गेला, तेव्हा मी तक्रारच केली नाही. चौकीपर्यंत गेलो आणि परत आलो. १८६१ अजून माझ्याही पोटात आहे.